न आलेल्या मालाची हवा आणि आपला गल्ला

संगणक आणि मोबाईलच्या धंद्यात एक चमत्कारिक माल आहे. तो दिसत नाही, तोलता येत नाही, त्याची पावती मिळत नाही. तरीही त्याची उलाढाल बारा महिने चालते. हा माल म्हणजे ‘नवीन येणार आहे’ ही बातमी. अमेरिकेतील ॲपल या कंपनीच्या नावावर या मालाची जेवढी आवक होते तेवढी दुसऱ्या कोणत्याही संगणक कंपनीच्या नावावर होत नसेल. पुढचे मशीन कसे असेल, त्यात कोणती चिप बसेल, किंमत काय राहील, सॉफ्टवेअरमध्ये काय बदलेल, यावर कंपनी तोंड उघडण्यापूर्वी सहा-सहा महिने चर्चा रंगते. ‘बाजारात तुरी’ म्हणतात ती हीच.

मुंबईत मुसाफिरखाना, मनीष मार्केट, लॅमिंग्टन रोड येथे, पुण्यात तपकीर गल्लीत आणि जिल्ह्याच्या गावी एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यांत आपले कितीतरी बांधव याच धंद्यावर पोट भरतात. कोणी कव्हर आणि केबल विकतो, कोणी जुनी मशीन घेऊन दुरुस्त करून विकतो, कोणी डीटीपीचे काम करतो, कोणी लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग करतो. अमेरिकेतील पुडी इथवर पोहोचायला आता एक मिनिटही लागत नाही. मग प्रश्न सुरू होतात. आता मशीन घ्यावे की थांबावे? हातातला माल काढून टाकावा का? नव्या मॉडेलची कव्हरे आधीच भरून ठेवावीत का?

या प्रश्नांना आपण सहसा एकाच बाजूने भिडतो. बातमी खरी की खोटी, हे शोधू लागतो. आमच्या मते धंदेवाल्याने हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवावा. पहिला प्रश्न असा की, ही बातमी खरी ठरली तरी माझा पैसा किती दिवस अडकणार आहे? खोटी बातमी बुडवते हे सर्वांना कळते. खरी बातमीसुद्धा बुडवते, हे फार थोड्यांना कळते.

खरी बातमीही महाग पडते

ताजे उदाहरण घ्या. २ एप्रिल २०१८ रोजी ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने बातमी दिली की, ॲपल आपल्या मॅक संगणकांतून इंटेलची चिप काढून २०२० पासून स्वतःची चिप बसवणार. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या बाजारात इंटेलचा शेअर सुमारे ६ टक्क्यांनी उतरला. बातमी अगदी खरी निघाली. जून २०२० मध्ये ॲपलने जाहीर घोषणा केली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ चिपची पहिली मशीन दाखवली.

शेअरवाल्याला ही बातमी सोन्याची होती. त्याने सकाळी विकले, दुपारी मोकळा झाला. पण एखाद्या डीटीपीवाल्याने ती वाचून ‘आता नवीन चिप आल्यावरच मशीन घेऊ’ असे ठरवले असेल, तर तो अडीच वर्षांहून जास्त काळ थांबला. या काळात त्याचे जुने मशीन दिवसाला एक तास जरी हँग होत असेल, तर महिन्याचे पंचवीस तास गेले. तीस महिन्यांचे साडेसातशे तास झाले. तेवढ्यात किती लग्नपत्रिका, किती पावती पुस्तके, किती पोस्टर निघाली असती, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. बातमी खरी होती, पण ती त्याच्या कामाची नव्हती.

यापूर्वीही एकदा असेच झाले होते आणि तो प्रसंग जास्त बोलका आहे. त्या काळी मॅकमध्ये आयबीएम आणि मोटोरोलाची पॉवरपीसी चिप असे. जून २००३ मध्ये कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी जी-५ ही नवी चिप दाखवली आणि बारा महिन्यांत ती ३ गिगाहर्ट्झच्या वेगाला नेऊ, असे भर सभेत सांगितले. तेव्हापासून लोक आणखी एका गोष्टीची वाट पाहू लागले. ही गोष्ट म्हणजे याच चिपचा लॅपटॉप. तो पुढच्या मंगळवारी येणार, असे इतक्यांदा छापून आले की पुढे पुढे तो लोकांच्या चेष्टेचा विषय झाला. चिप फार तापत असे आणि वीज फार खाई. लॅपटॉपच्या पातळ पेटीत ती मावणे कठीण होते. २००३ गेले, २००४ गेले. ३ गिगाहर्ट्झही नाही आणि लॅपटॉपही नाही.

शेवटी ६ जून २००५ रोजी जॉब्स यांनी त्याच व्यासपीठावर कबूल केले की, ही दोन्ही कामे झाली नाहीत आणि आम्ही इंटेलच्या चिपकडे जात आहोत. जानेवारी २००६ मध्ये जो लॅपटॉप आला तो इंटेलचा होता. जी-५ चा लॅपटॉप कधीच आला नाही. त्याची वाट पाहणारे अडीच वर्षे जुन्या मशीनवर कण्हत बसले आणि शेवटी भलतेच घरी घेऊन गेले.

आता दुसरी बाजू पाहा. ज्यांनी वाट पाहिली नाही त्यांचे सारे भले झाले, असेही नाही. घोषणेनंतर चार महिन्यांनी, ऑक्टोबर २००५ मध्ये, ॲपलने जी-५ चेच सर्वांत तगडे मशीन ३,२९९ डॉलरना विकायला काढले. ऑगस्ट २००९ मध्ये नवी प्रणाली आली ती फक्त इंटेलच्या मशीनवर चालणारी. म्हणजे चार वर्षांच्या आत तेवढ्या किमतीच्या मशीनचा पुढचा रस्ता बंद झाला. यात अफवेचा काही दोष नाही. कंपनीने जून २००५ मध्येच उघड सांगितले होते की, जुनी चिप जाणार. ज्याने ऑक्टोबरमध्ये मशीन घेतले त्याला ही गोष्ट माहीत असायला हवी होती. तरी ज्याने ते घेऊन चार वर्षे रोज काम काढले त्याचे पैसे केव्हाच वसूल झाले असतील. ज्याने पुढे चांगला भाव येईल म्हणून घेऊन ठेवले, त्याचे मात्र हाल झाले.

कव्हरवाल्यांची फजिती

ऑक्टोबर २०११ ची गोष्ट आमच्या मोबाईलवाल्या बांधवांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. त्या वर्षी उन्हाळ्यापासून हवा होती की आयफोन ५ येतोय, तो एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळता आहे. चित्रे फिरली, मापे फिरली. ती मापे घेऊन कव्हर बनवणाऱ्यांनी डाय पाडली आणि माल काढला. चीनच्या बाजारात फोन नसताना कव्हरे विकायला आली. ४ ऑक्टोबर २०११ रोजी ॲपलने जो फोन दाखवला त्याचे नाव आयफोन ४एस आणि बाहेरचे अंग जवळपास जुन्या आयफोन ४ चेच! निमुळती कव्हरे कशालाच बसेनात. बरे, एक वर्ष थांबून तरी ती खपावीत? सप्टेंबर २०१२ मध्ये खरा आयफोन ५ आला तो सपाट होता आणि उंचीलाही वाढलेला होता. ती कव्हरे भंगारातच गेली.

हे कारखानदार मूर्ख होते का? मुळीच नाही. त्यांचा हिशोब सरळ होता. नवा फोन हातात पडतो त्या पहिल्या पंधरा दिवसांत कव्हराला जो भाव मिळतो तो पुन्हा कधी मिळत नाही. पहिला असेल त्याचीच चांदी. म्हणून मोठा कारखानदार दहा वेळा हवेवर डाय पाडतो, आठ वेळा बरोबर ठरतो आणि दोन वेळचे नुकसान त्यातून भरून काढतो. गाळेवाल्याचे तसे नाही. त्याला दोन वेळचे नुकसान लागोपाठ बसले तर तिसऱ्या वेळेला गाळ्याचे भाडे निघत नाही.

समजा, आपण हवेवर पाचशे कव्हरे साठ रुपयांनी भरली. तीस हजार रुपये गेले. माप बरोबर निघाले आणि पहिल्या पंधरवड्यात ती दीडशेला गेली, तर पंचेचाळीस हजार सुटतात. आता दुसरा व्यापारी फोन प्रत्यक्ष आल्यावर, माप हाताने तपासून, दोन आठवड्यांनी तीच कव्हरे चाळीसने उचलतो आणि शंभरला विकतो. त्याचे वीस हजार गुंतले आणि तीस हजार सुटले. म्हणजे आधी उडी मारणाऱ्याला जादा मिळाले ते पंधरा हजार आणि त्यासाठी त्याने तीस हजारांचे भांडवल टांगणीला लावले. वर घाऊक व्यापारी असा माल परत घेत नाही, हे आपण सर्व जाणतो. कॅमेऱ्याचे भोक दोन मिलिमीटर सरकले तरी अख्खा लॉट पडला.

पूर्वी आपल्याकडे या गोष्टीला थोडा दम होता. आयफोन ४ अमेरिकेत जून २०१० मध्ये विक्रीस आला आणि भारतात मे २०११ मध्ये, म्हणजे जवळजवळ एक वर्षाने. मधल्या काळात दुबईहून येणाऱ्या माणसांच्या खिशातले फोन पाहून, मोजून, निवांतपणे माल भरता येत असे. २०२१ साली आयफोन १३ अमेरिका आणि भारत या दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी, २४ सप्टेंबरला, विक्रीस आला. आता सप्टेंबरमध्ये फोन, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवाळीचा हंगाम! व्यापाऱ्याचा जीव कासावीस होतो आणि तो हवेला बळी पडतो, याचे मूळ इथे आहे. त्याला लोभी म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. तरीही आमचे म्हणणे असे की, हंगाम दोन महिन्यांचा असतो, पहिल्या दिवसाचा नसतो. उचल थोडी करावी, दुसरी खेप लगेच मागवता येईल असा घाऊक व्यापारी धरावा आणि जुन्या मॉडेलचा माल भीतीपोटी मातीमोल भावाने फेकू नये. गावाकडे नव्या फोनपेक्षा दोन-तीन वर्षे जुना फोनच जास्त हातांत दिसतो. त्याचे कव्हर, त्याची काच, त्याची बॅटरी रोज जाते.

कोणत्या हवेत किती दम असतो?

सगळ्या अफवा एका मापाने मोजू नयेत. आजवरचा अनुभव पाहता यंत्राच्या बाहेरच्या अंगाबद्दलची बातमी, जर ती विक्रीच्या महिना-दोन महिने आधीची असेल, तर बहुधा खरी निघते. कारण उघड आहे. लाखो नग काढायचे म्हणजे धातूचे साचे पाडावे लागतात, काच कापावी लागते, सुटे भाग पन्नास कारखान्यांतून येतात, हजारो कामगारांचे हात लागतात. एवढ्या तोंडांना कोण कुलूप लावणार? पण हीच बातमी दीड वर्ष आधीची असेल तर ती कंपनीच्या प्रयोगशाळेतील एखाद्या नमुन्याची असते. असे नमुने पुष्कळ तयार होतात आणि पुष्कळ कपाटात जातात. ॲपलचा टीव्ही संच येणार, असे जीन मुन्स्टर नावाचे नामांकित शेअर विश्लेषक वर्षानुवर्षे सांगत राहिले. तो आला नाही. मोटारगाडीवर कंपनीने सुमारे दहा वर्षे काम केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गुंडाळल्याची बातमी आली.

किमतीच्या बातमीचा भरवसा त्याहून कमी. जानेवारी २०१० मध्ये आयपॅड येण्याआधी मोठमोठी वर्तमानपत्रे त्याची किंमत हजार डॉलरच्या आसपास सांगत होती. २७ जानेवारीला ती ४९९ डॉलरपासून निघाली. अनेकांनी तर नावही ‘आयस्लेट’ असे पक्के करून टाकले होते! किंमत कारखान्यात ठरत नाही. ती मोजक्या माणसांच्या खोलीत ठरते आणि तिथून क्वचितच बाहेर येते. क्वचित म्हणण्याचे कारण असे की, २००४ च्या अखेरीस ‘थिंक सिक्रेट’ या अमेरिकन संकेतस्थळाने मॅक मिनीची ४९९ डॉलर ही किंमत आधीच बरोबर दिली होती. हार्वर्डमध्ये शिकणारा एक विद्यार्थी ते चालवत असे. ॲपलने त्याच्यावर खटला भरला आणि २००७ च्या शेवटी तडजोड होऊन ते बंद झाले. ज्याची बातमी खरी, त्याच्यावरच खटला! खोट्या बातम्या देणारे मात्र आरामात आहेत.

सर्वांत कच्ची बातमी सॉफ्टवेअरची. यंत्राचे अंग तयार झाले की डोळ्यांना दिसते. सॉफ्टवेअर नव्वद टक्के झाले असे म्हणतात, तेव्हा उरलेल्या दहा टक्क्यांना किती वर्षे लागतील हे करणाऱ्यालाही ठाऊक नसते. नव्वदच्या दशकात ॲपलने ‘कोपलँड’ नावाची नवी प्रणाली येत आहे, असा गाजावाजा केला होता. एक प्रोग्राम बंद पडला तर अख्खे मशीन बंद पडणार नाही, एकाच वेळी अनेक कामे नीट चालतील, असे तिचे वर्णन होते. प्रकाशन व्यवसायातील लोक डोळे लावून बसले. ऑगस्ट १९९६ मध्ये कंपनीने तो प्रकल्प सोडून दिला. मग बाहेरून प्रणाली विकत घेणार, ती बी नावाच्या कंपनीची असणार, असा बाजारात सूर निघाला. डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने घेतली ती नेक्स्ट ही दुसरीच कंपनी, सुमारे ४० कोटी डॉलरना. तिच्या पायावर उभी राहिलेली मॅक ओएस टेन मार्च २००१ मध्ये बाजारात आली. १९९४ मध्ये जे वचन दिले ते भलत्या वाटेने आणि सात वर्षांनी पुरे झाले.

आणि कंपनीने स्वतः व्यासपीठावरून दाखवले म्हणजे ते आलेच, असेही समजू नये. सप्टेंबर २०१७ मध्ये तीन वस्तू एकदम चार्ज करणारी ‘एअरपॉवर’ नावाची चटई दाखवली, पुढच्या वर्षी येईल म्हटले आणि मार्च २०१९ मध्ये ती रद्द केली. जून २०२४ मध्ये जास्त हुशार सिरी दाखवली, तिच्या जाहिराती करून आयफोन १६ विकला आणि मार्च २०२५ मध्ये ती लांबणीवर पडल्याचे सांगितले. जाहिरातही मागे घ्यावी लागली. गिऱ्हाईकाने ‘अमुक सोय यात आहे ना?’ असे विचारले, तर आपल्या दुकानदाराने ‘आज आहे’ किंवा ‘आज नाही’ एवढेच सांगावे. ‘येईल’ हा शब्द विकू नये. कंपनी अमेरिकेत राहते, गिऱ्हाईक भांडायला आपल्याच गाळ्यावर येते.

हवेने कंपन्याही मरतात, असा एक जुना दाखला नेहमी दिला जातो. ॲडम ऑस्बॉर्न हे गृहस्थ लहानपणी तामिळनाडूत वाढलेले आणि २००३ साली कोडाईकनाल येथे वारलेले. त्यांनी एप्रिल १९८१ मध्ये १,७९५ डॉलरचा, हातात उचलून नेता येईल असा संगणक काढला. तो धडाधड खपला. १९८३ च्या सुरुवातीला त्यांनी पुढच्या मॉडेलची बढाई आधीच मारली. दुकानदारांनी जुन्याच्या ऑर्डरी थांबवल्या, पैसा आटला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. अर्थात हे एकच कारण नव्हते. त्याच किमतीत केप्रो कंपनी मोठ्या पडद्याचे मशीन देत होती आणि ऑस्बॉर्न यांचा पडदा अवघा पाच इंचांचा! शिवाय कंपनीचा अंतर्गत हिशोबही विस्कटलेला होता. तरीही व्यापाऱ्याने यातून एक गोष्ट उचलावी. आपल्या दुकानात बसून ‘थांबा, पुढच्या महिन्यात नवीन येतंय’ असे आपणच गिऱ्हाईकाला सांगत असू, तर आजचा सौदा आपणच मोडत आहोत. पुष्कळ दुकानदार आपली माहिती दाखवण्यासाठी असे बोलतात. दुरुस्तीवाल्याचे तर यात दुहेरी नुकसान. ‘नवीन येतंय, मग या जुन्यावर खर्च कशाला?’ म्हणून गिऱ्हाईक काच बदलणे लांबवते. नवीनही घेत नाही.

काय येणार यापेक्षा काय जाणार

आमच्या मते धंदेवाल्यांनी आपले कान दुसरीकडे लावावेत. काय येणार यावर हजार तोंडे बोलतात. काय बंद होणार हे कंपनी किंवा सरकार बहुधा स्वतः, तारखेसह, आधी सांगते आणि ते वाचायला कोणाला सवड नसते. त्या बातमीत मसाला नसतो ना!

चार्जिंग केबलचे घ्या. आयफोनची लाइटनिंग पिन जाणार का, यावर किती चर्चा झाल्या! इकडे युरोपच्या संसदेने ऑक्टोबर २०२२ मध्ये कायदा मंजूर केला की, २०२४ च्या अखेरीपासून युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला यूएसबी-सी लागेल. त्याच महिन्यात ॲपलच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी कायदा पाळावा लागेल, असे जाहीरपणे म्हटले. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ यूएसबी-सी घेऊन आला. ज्या केबलवाल्याने हा कायदा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचला, त्याला कोणत्याही अफवेची गरज नव्हती. त्याच्याकडे अकरा महिने होते. लाइटनिंगची मोठी उचल थांबवून लहान उचल सुरू करायला ते भरपूर झाले.

लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना २०११ आठवत असेल. एप्रिलमध्ये ॲपलने नव्या फायनल कट प्रोची झलक दाखवली तेव्हा सगळे हरखून गेले. जूनमध्ये ते २९९ डॉलरना आले आणि त्यात जुन्या फायनल कटचे प्रोजेक्ट उघडत नव्हते, अनेक कॅमेऱ्यांचे एकत्र एडिटिंग होत नव्हते. जुने फायनल कट मात्र त्याच दिवसापासून विक्रीतून काढले होते. अनेक कॅमेऱ्यांची सोय जानेवारी २०१२ मध्ये परत आली. ज्यांनी चालू कामे असताना नवे चढवले ते अडकले. ज्यांनी जुने मशीन जसेच्या तसे ठेवले आणि नवे शेजारी मांडले त्यांची कामे वेळेवर गेली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मॅकच्या नव्या प्रणालीने ३२-बिटचे सगळे जुने प्रोग्राम बंद केले, तेव्हाही हाच प्रकार. आधीची प्रणाली ही अशी शेवटची, असे कंपनीने जून २०१८ मध्येच सांगितले होते. आपल्या डीटीपीवाल्यांकडे युनिकोडच्या आधीचे फॉन्ट आणि जुन्या फायली असतात, पाच-दहा वर्षांपूर्वीची पत्रिका ‘तशीच छापून द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक असते. त्यांनी ‘अपडेट करा’ अशी पाटी दिसली की बटण दाबण्याची घाई मुळीच करू नये. आधी आपला प्रोग्राम नव्यावर चालतो की नाही ते विचारावे.

आता सध्याचा प्रश्न. जुन्या मालाच्या बाजारात इंटेल चिपचे मॅक स्वस्त मिळतात आणि आपले काही बांधव ते लॉटने उचलतात. जून २०२५ मध्ये ॲपलने स्पष्ट सांगितले आहे की, इंटेलच्या मशीनसाठी ‘टाहो’ ही मॅकची शेवटची प्रणाली. इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम नव्या चिपवर चालवणारी ‘रोझेटा’ ही सोयही पूर्णपणे फक्त तिच्या पुढच्या प्रणालीपर्यंत, म्हणजे २७ नंबरपर्यंत मिळेल. टाहो सप्टेंबर २०२५ मध्ये आली तेव्हा तीही इंटेलच्या मोजक्या चार मॉडेलांवरच चढते, असे दिसले. इंटेलचा मॅक मिनी ॲपलच्या दुकानात जानेवारी २०२३ पर्यंत नवा कोरा विकला जात होता. त्याच्यावर टाहो चढत नाही. गिऱ्हाईकाला तीन वर्षांचे बिल दाखवून ‘नवीनच आहे’ म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही.

याचा अर्थ इंटेलचा मॅक घेऊच नये असा नाही. ज्याचे काम जुन्या फॉन्टवर आणि जुन्या प्रोग्रामवर चालते त्याला असे मशीन उलट सोयीचे पडते, फक्त त्यावर बँकेचे व्यवहार वगैरे करू नयेत आणि नवा प्रोग्राम चढेल अशी आशा धरू नये. भाव त्या हिशोबाने द्यावा. लॉट उचलताना प्रत्येक मशीन चालू करून घ्यावे, वर डाव्या कोपऱ्यातील सफरचंदावर क्लिक करून ‘या मॅकविषयी’ची खिडकी उघडावी. तिथे प्रोसेसरच्या किंवा चिपच्या ओळीत इंटेल लिहिले आहे की एम-१, एम-२ असे काही, ते पाहावे. मशीन कोणत्या सालचे मॉडेल आहे तेही सहसा तिथेच लिहिलेले असते. आधीच्या मालकाचे खाते काढलेले आहे याची खात्री त्याच वेळी करून घ्यावी. खाते राहिले तर ते मशीन गिऱ्हाईकाच्या टेबलावर कुलूपबंद राहते आणि मग मालक शोधत फिरावे लागते.